चुन्याचा हात

आमच्या गावात चुन्याचा हात देणं म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, ही बाई काहीतरीच बरळतेय. दिवा आणि कल्याणच्या मधे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. एकीकडे मिठागरं, दुसरीकडे भाताची शेतं आणि गावाच्या टोकाला तळ्याकाठी महादेवाचं जुनं दगडी देऊळ. गावातली बाई पोटुशी राहिली की त्या देवळात जाऊन नवस बोलायची. बाळंतपण सुखरूप पार पडलं, मूल धड राहिलं, की सव्वा महिन्यानं मुलाला घेऊन तिनं परत यायचं. खाडीतल्या शिंपा भाजून केलेला चुना वाटीत आणायचा, उजव्या हाताला खोबरेल चोळून तो चुन्यात बुडवायचा आणि देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर पंजा उमटवायचा. पंजा ओला आहे तोवर त्याला मुलाचं कपाळ टेकवायचं. झालं, नवस फिटला. भट नाही, मंत्र नाही, पुरुषांचं तर तिथे कामच नाही.

मी मूळची कल्याणची. चौथीपर्यंत शाळा शिकलेली, त्यामुळे माझं नाक जरा वर असायचं. स्वातंत्र्य मिळाल्यावर थोड्याच दिवसांत लग्न होऊन या गावात आले आणि पहिल्यांदा ते देऊळ पाहिलं तेव्हा मला किळस आली होती, खरं सांगते. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत सगळ्या भिंती पांढऱ्या, खडबडीत, चुन्याचे पापुद्रे सुटलेल्या. पंज्यावर पंजा, त्यावर पंजा. वरचा भाग तेवढा काळ्या दगडाचा, आणि त्यावर कसली कसली नक्षी, मूर्ती, बायका, हत्ती. मी सासूबाईंना विचारलं, हे वरचं काय आहे? त्या म्हणाल्या, "ते जुनं हाय. आपलं खालचं." आणि कोपऱ्याजवळ नेऊन त्यांनी मला चुन्यातली एक जागा दाखवली. तिथे त्यांचे चार हात होते. मोठे दीर, दोन नणंदा आणि आमचे हे. मला तर तिथे एकसुद्धा हात वेगळा ओळखू येईना, पण त्यांनी बोट ठेवून चारही दाखवले.

त्यानंतर काही वर्षांनी साहेब आले. कुठल्याशा सरकारी खात्याचे होते. सोलापुरी चपला, डोळ्याला चष्मा, काखेत छत्री, आणि बोलणं इतकं मऊ की त्यांच्यावर रागावता यायचं नाही. हीच तर पुढची सगळी पंचाईत झाली. त्यांनी देवळाभोवती फेऱ्या मारल्या, वरच्या मूर्तींकडे मान दुखेपर्यंत पाहिलं आणि गावकऱ्यांना सांगितलं की हे देऊळ फार जुनं आहे, फार मोलाचं आहे. मुंबईहून वरिष्ठ येऊन बघतील. त्यांच्या मनात भरलं तर स्टेशनपासून इथपर्यंत रस्ता होईल, बाग होईल, लोक सहलीला येतील, गावाला चार कामधंदे मिळतील. वरिष्ठांना घेऊन पुढच्या महिन्यात येतो म्हणाले आणि गेले.

गाव नुसतं घुसळून निघालं. मोठे साहेब येणार म्हणजे देवळाचं लग्नच. मिठागराचा मुकादम आमच्या गावातला वजनदार माणूस. त्यानं फर्मान काढलं की पाव्हण्यांना देऊळ असं भुंडं दाखवायचं नाही. मग काय विचारता. बायकांनी खाडीतून टोपल्या भरभरून शिंपा आणल्या, भट्टी लावली, चुना विरवला. पुरुषांनी बांबूची परांची बांधली आणि खालपासून वर कळसापर्यंत सगळ्या देवळाला पांढरास्वच्छ चुना फासला. वरच्या त्या बायका, ते हत्ती, सगळं गुडूप. कोणाला तरी हौस आली आणि दारावर निळीचा पट्टापण ओढला. मीसुद्धा हातात कुंचा घेऊन होते आणि काम झाल्यावर लांबून बघताना मला ऊर भरून आला. देऊळ कसं दुधानं न्हाल्यासारखं दिसत होतं.

ठरल्या दिवशी साहेब वरिष्ठांना घेऊन आले. तळ्याच्या बांधावर आले, वर बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मग त्यांनी छत्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. वरिष्ठ त्यांना इंग्रजीत काहीतरी विचारत होते. मुकादम हार घेऊन पुढे झाला तर साहेबांनी तो हार हातात घेतला आणि नुसतेच धरून उभे राहिले. आम्हाला वाटलं, यांना भरून आलंय. नंतर कळलं की त्यांचं दुःख निराळं होतं. "अहो, हे काय केलंत तुम्ही," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. पाहुणा येणार म्हणून घर सारवलं तर पाहुणा रडायला लागला, आता याला काय म्हणायचं?

पण वरिष्ठ माणूस जिद्दीचा निघाला. तो म्हणाला, चुना निघेल, आतलं सगळं शाबूत असेल. आणि पावसाळा सरल्यावर मजूर आले. काथ्याचे ब्रश, लाकडी पट्ट्या, बादल्या. त्यांनी नवा चुना काढला, आणि नव्याबरोबर जुनाही काढला. खालचासुद्धा. पंजे, त्याखालचे पंजे, त्याखालचे. पायथ्याशी पांढऱ्या खपल्यांचा ढीग झाला. आणि खालून काय बाहेर यावं? वर होत्या त्याहून सुंदर मूर्ती. एक बाई आरशात बघत कुंकू लावत होती. एकीच्या कडेवर मूल होतं. तिच्या बोटांची नखंसुद्धा कोरलेली होती. माझा तर जीवच जडला त्या मूर्तीवर. मी रोज पाण्याच्या निमित्तानं जायची आणि बघत बसायची. सासूबाई मात्र एकदाच आल्या. कोपऱ्याजवळ गेल्या, त्यांच्या जागेवर हात फिरवला. तिथे गुळगुळीत काळा दगड होता. "माजी चार पोरं हिता व्हती," एवढं म्हणाल्या आणि घरी गेल्या. मला वाईट वाटलं, आणि लगेच त्या मूर्तीकडे बघून बरंही वाटलं. मग बरं वाटलं म्हणून लाज वाटली. माझं डोकं त्या दिवसापासून जे भंजाळलं ते भंजाळलंच.

गावात तर दर घरी वेगळं मत, आणि तेही सकाळ-संध्याकाळ बदलायचं. मुकादमाला देवळासमोर चहाची टपरी टाकायची होती, म्हणून तो साहेबांच्या बाजूचा. मग त्याला कुणी सांगितलं की बाग त्याच्याच जमिनीत होणार, तर तो विरुद्ध. मग रस्ताही त्याच जमिनीवरून जाणार, त्याचे पैसे मिळणार म्हटल्यावर परत बाजूचा. कोणी म्हणायचं, आता मुंबईचे शेट येतील, आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील. कोणी म्हणायचं, नोकऱ्या लागतील पण तळ्यावर बायकांना आंघोळीची चोरी होईल. दोन्ही खरं होतं. मी दोन्हीकडे माना डोलवायची.

आमच्या घरी तर घोडं फारच अवघड जागी अडलं. झालं असं की देवळाला कुंपण घातलं, फाटक बसवलं, दगडात हात लावू नये, काही फासू नये अशी पाटी लावली आणि राखणीला माणूस हवा म्हणून साहेबांनी आमच्या ह्यांना नोकरी दिली. खाकी शर्ट, खाकी अर्धी विजार, टोपी, शिट्टी. ह्यांचे पाय मिठागरात उभं राहून राहून असे फुटलेले असायचे की रात्री मी त्यात मेण भरायची. ती कटकट गेली. महिन्याच्या महिन्याला पगार. मला तर ह्यांना शर्टात बघून लग्न पुन्हा झाल्यासारखं वाटलं. आणि त्याच आठवड्यात माझी जाऊ, मोठ्या दिरांची बायको, मला चुलीपाशी हळूच म्हणाली, "मना दिवस गेलं."

जावेची दोन मुलं आधी गेली होती. एक जन्मतानाच, एक जरा हसायला लागल्यावर. पहिल्याच्या वेळी हात द्यायची पाळीच आली नाही. दुसऱ्याच्या वेळी तिला ताप होता, आज जाऊ उद्या जाऊ करता करता राहिलं, आणि मूल गेलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की हात राहिला म्हणून पोर गेलं. या खेपेला तिनं कुंपणाबाहेर उभं राहून नवस बोलला. माझं पोर जगू दे, सव्वा महिना झाला की एक दिवस इकडचा तिकडे होऊ देणार नाही. मी तिच्याबरोबर होते. ह्यांनी फाटकातून सगळं ऐकलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

नऊ महिने घरात याच एका गोष्टीचं दळण. सासूबाई म्हणायच्या, हात दिलाच पायजे. मोठे दीर म्हणायचे, दिला तर भावाची नोकरी जाईल, आणि नाही दिला तर, असं म्हणून पुढचं वाक्य गिळायचे. आमचे हे म्हणायचे, "वयनी, मी नाय म्हनत नाय. पन मना त्यासाठीच ठेवलाय ना तिथं." आणि मी? मला विचाराल तर मी सकाळी ह्यांच्या बाजूची असायची, दुपारी जावेच्या. ह्यांचा पगार येत होता त्यातूनच जावेला दूध येत होतं, आता बोला.

तोवर सहलीचे लोक यायला लागले होते. डोंबिवलीचे मास्तर-कारकून बायकापोरांना घेऊन यायचे, ठाण्याची, मुंबईची तरुण मंडळी डबे घेऊन यायची. बिचारे काही वाईट नव्हते. पण विचारायचे भारी. हे देऊळ कुणी बांधलं? किती जुनं? या मूर्तीची गोष्ट काय? आम्हाला काय ठाऊक! त्या मूर्ती आम्हीच आत्ता पहिल्यांदा बघत होतो. एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही इथेच राहता ना? मग तुम्हाला माहीत नाही?" मी कल्याणची चौथी शिकलेली, माझ्या फार जिव्हारी लागलं. मी ठसक्यात सांगितलं, कडेवर मूल घेतलेली ती आमच्या गावची पहिली सून. कुठून सुचलं कोण जाणे. पुढच्या महिन्यात दुसरे पाहुणे तीच गोष्ट आपसात सांगत होते, आणि खरं सांगू, दोन-चारदा ऐकल्यावर मलासुद्धा ती खरी वाटायला लागली.

जाऊ बाळंत झाली. मुलगी. नखासकट सगळी धड, आणि आवाज असा की मिठागरावर ऐकू जावा. घरात आनंद झाला, पण तो कोणी मोठ्यानं बोलेना. सव्वा महिना जवळ यायला लागला तसे सगळे एकमेकांची नजर चुकवायला लागले.

शेवटी ह्यांनीच साहेब फेरीवर आलेले असताना त्यांच्या कानावर घातलं. साहेब खाली बसले, सगळं ऐकून घेतलं. जावेच्या गेलेल्या मुलांचं ऐकून त्यांचे डोळे भरले, मी पाहिलं. म्हणाले, "असं करू या. आपण एक लाकडी फळी आणून भिंतीला टेकवून ठेवू. त्यावर हात द्या. देवळालाही बाधा नाही, तुमचा नवसही फिटेल." मग जरा विचार करून म्हणाले, "पाहुणे असतील त्या दिवशी केलंत तर त्यांनाही ही पद्धत बघायला आवडेल." मनापासून म्हणाले हो, कुचेष्टा नव्हती त्यात. ह्यांनी येऊन घरी सांगितलं. सासूबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. जाऊ मुलीला पाजत होती. ती म्हणाली, "फली उचलून नेतील, मग माजा नवस कुठं नेतील?"

सव्वा महिना पुरा झाला तो दिवस रविवारचा आला. जाऊ पहाटे न्हाली, मुलीला न्हाऊ घातलं, टाळू भरली, कपाळाला तेल लावलं. चुना आदल्या दिवशीच निवळून ठेवला होता. ताकाइतका पातळ, चरचरणार नाही असा, पोरीच्या कपाळाला लागायचा म्हणून. सासूबाईंनी वाटी तिच्या हातात दिली आणि स्वतः ओटीवरून उठल्या नाहीत. मुलीला मी घेतलं. वाटेत मी जावेला विचारलं, बाई गं, काय करणार आहेस तू? ती म्हणाली, "हात देनार."

देवळापाशी पाहुण्यांचे दोन-तीन घोळके होते. कुणी झाडाखाली सतरंजी अंथरलेली, एकजण कॅमेरा घेऊन मूर्तींसमोर. फाटकात आमचे हे. आम्हाला लांबून येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नवऱ्याच्या बाजूनं उभं राहावं तर कडेवर जावेचं लेकरू, आणि जावेच्या बाजूनं जावं तर समोर माझाच नवरा, माझाच संसार. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि साहेबांचा, आणि देवाचासुद्धा.

जाऊ फाटकासमोर थांबली. तिनं पदर खोचला, हात चुन्यात बुडवला. मनगटापर्यंत पांढरा झालेला हात वर धरून ती उभी राहिली. तिनं "बाजूला व्हा" म्हटलं नाही. ह्यांनी "जाऊ नका" म्हटलं नाही. कॅमेरेवाला मूर्ती सोडून आमच्याकडे बघायला लागला. ह्यांनी टोपी नीट केली, फाटकाची कडी काढली, फाटक उघडलं. आणि मग आमच्याकडे पाठ करून, देवळाकडे तोंड करून उभे राहिले. फाटकातून कोण गेलं ते मी बघितलं नाही, जा तुम्ही. मी त्यांची बायको, मला पाठीवरून कळलं. नोकरी सोडली होती त्या माणसानं, उभ्याउभ्या.

जाऊ पुढे झाली. फाटक उघडं होतं, भिंत वीस पावलांवर असेल नसेल. ती ह्यांच्या मागे जाऊन थांबली, एकदा देवळाकडे बघितलं, एकदा ह्यांच्या त्या खाकी शर्टाकडे. आणि तिनं हात त्यांच्या पाठीवर ठेवला. दोन खांद्यांच्या मधोमध, दाबून, पाची बोटं फाकवून, जशी भिंतीवर ठेवतात तशी.

हे दचकले. वळायला लागले तशी ती म्हणाली, "वलू नका, भावजी. ओला हाय."

ते तसेच थांबले. तिनं माझ्याकडे हात पसरले. मी मुलीला दिलं. तिनं मुलीचं कपाळ हलक्या हातानं त्या ओल्या पंज्याला टेकवलं. मुलीनं तोंड वाकडं केलं, पण रडली नाही. पाहुण्यांतून कोणी तरी हसलं. आमचे हे काठीसारखे ताठ, समोर देवळाकडे तोंड, पाठीमागे काय चाललंय ते दिसायची सोय नाही. मानेवरून घाम ओघळत होता.

"वयनी, आत जात नाय?" त्यांनी न वळता विचारलं.

"मी आत गेले तं तुमची भाकरी जाईल," जाऊ म्हणाली. "तुमच्या पोटावर पाय देऊन माजी पोर जगवू काय मी? आईचा एक हात तुमच्या नावानं या भिंतीवर व्हता. तो त्यांनी खरवडला. आथा तुमीच ऱ्हायलात."

मी पुढे जाऊन बघितलं तर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वाजवायची नसताना शिट्टी मुठीत घट्ट धरलेली. मला म्हणाले, "काय झाला गं? हात नीट उमटला का नाय?" मी सांगायला तोंड उघडलं आणि मलाच रडू फुटलं. मी नुसती मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही.

जाऊ मुलीला पदराखाली घेऊन बांधावरून घराकडे चालू लागली होती. तिनं देवळाकडे मागे वळूनही पाहिलं नाही. हे तसेच फाटकात, पाठ बांधाकडे करून उभे. ऊन चढत होतं, पाठीवरचा चुना कडेकडेनं वाळत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं,

"आथा वलू का?"